'इतर सर्व विषयां'चं नवं संशोधन-त्रैमासिक : स्वागत की सावध?

चाळीतला_कांदा : आम्ही सात प्राध्यापक मिळून बहुविद्याशाखीय त्रैमासिक काढतोय. पहिल्या संपादकीयाचा मसुदा माझ्याकडे आलाय. सुरुवातच अशी : 'साहित्य, वाणिज्य, विज्ञान, विधी, क्रीडा व इतर सर्व विषयांवरील शोधनिबंधांचे स्वागत.' मला यात वावगं दिसत नाही. १८६७ साली निघालेलं 'विविधज्ञानविस्तार' मासिक तरी वेगळं काय करत होतं? बोला.

खडूची_भुकटी : 'इतर सर्व' वाचून हसू आलं, सर. 'विविधज्ञानविस्तारा'त कुणी कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फाइलीला लावायला लिहीत नव्हतं. शोधनिबंधांवर मिळणारे एपीआयचे गुण आले आणि असली नियतकालिकं भूछत्रांसारखी उगवली. २०१८च्या मेमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला, म्हणजे यूजीसीला, स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नावं काढावी लागली होती. माझंच सांगते. एके ठिकाणी शुक्रवारी रात्री निबंध पाठवला. रविवारी सकाळी 'स्वीकृत', खाली पंधराशेंचा क्यूआर कोड. अंक हातात आला तर शीर्षकातच 'दलित'चं 'दलीत'. परीक्षकांनी निदान शीर्षक तरी वाचायचं!

जुना_गठ्ठा : मॅडम, चार लबाडांपायी नव्याने कुणी काही काढूच नये की काय? मान्य नियतकालिकांची केअर यादीही यूजीसीने २०२५मध्ये बंद केली, आता पारख ज्याची त्याने करायची. कांद्याचंच घ्या. कांदाचाळीत माल सडतो तो दमट हवेमुळे, शेतकरी तो साठवतो भावासाठी, आणि निवडायला बसतात बाया, रोजावर. हा निबंध शेतीच्या नियतकालिकाला पाठवा, म्हणतील समाजशास्त्राकडे न्या. तिथले म्हणतील, हे अर्थशास्त्र. त्यात मराठीत लिहिलेला असेल तर दारातूनच परत. असल्या निबंधाला जागा नको?

खडूची_भुकटी : जागा हवीच. पण तपासणार कोण? भावाचा आलेख बघणाऱ्याला सड कळते का? एका निबंधाला दोन शाखांचे दोन परीक्षक लागतील, आणि तेही संपादकांच्या स्टाफरूमबाहेरचे. ते मसुद्यात कुठाय? आयएसएसएनचं मात्र ठळक टाइपात! अहो, तो नियतकालिकाचा नुसता ओळखक्रमांक, दर्जाचा दाखला नव्हे.

थिसिस_अडकलाय : यूजीसीच्या २०२२च्या नियमांत पीएचडीआधी निबंध छापण्याची सक्ती गेली. आमचे गाईड अजून म्हणतात, 'दोन तरी असू देत.' शुल्क किती ठेवणार, तेवढं सांगा.

चाळीतला_कांदा : शुल्काची ओळ मसुद्यात होती, मी वर लिहिली नव्हती. बाराशे. काल बैठकीत त्यावरून दीड तास गेला. छपाई सोडून फक्त पीडीएफ काढली तर बहुतेक खर्च वाचतो, म्हणून ती ओळ खोडली. 'इतर सर्व'ही गेलं. परीक्षकांची नावं वर्षाअखेरीच्या अंकात छापायचं ठरलंय. आयएसएसएनचा टाइप मात्र आमच्या प्राचार्यांनी लहान करू दिला नाही. जुना_गठ्ठा, कांद्याचा निबंध खरंच लिहिलाय का तुम्ही? असेल तर पाठवा. खडूमॅडम, आला तर एक परीक्षक तुम्ही व्हाल?

खडूची_भुकटी : होईन. पण शुक्रवारी पाठवून रविवारी मागू नका.