हापूसच्या बॉक्सचं प्रिंट घासून बघायचं फिक्स्चर: गिऱ्हाईकाच्या बोलण्यातून स्पेक कसा काढायचा?

कुडाळ_वर्कशॉप

नमस्कार मंडळी. कुडाळ एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, जिग, फिक्स्चर (काम करताना वस्तू ठराविक जागी पक्की धरणारी साधनं), काजू युनिटला लागणारी बारकी मशीन्स असली कामं करतो. आता जरा वेगळं काम आलंय. इथल्याच एका कोरुगेटेड बॉक्सवाल्याला प्रिंट टेस्ट करायचं फिक्स्चर पाहिजे. त्यांचे एक डझन, दोन डझन हापूसचे बॉक्स देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला जातात. पाण्याच्या शाईचं फ्लेक्सो (लवचिक रबरी प्लेटने छापायची पद्धत), दोन कलर. तक्रार अशी की माल वाशीला उतरेपर्यंत बागायतदाराचं नाव फराटे ओढल्यासारखं दिसतं, लाल शाई शेजारच्या बॉक्सला लागते, हमालाच्या हाताला लागते. म्हणून छापल्या छापल्या तुकडा कापून घासायचा आणि पास की फेल ते जागेवर कळलं पाहिजे.

मीटिंगला मालक, प्रॉडक्शनचा सुपरवायझर आणि क्यूसीची (मालाचा दर्जा तपासणारी) मुलगी होती. वहीत जे लिहून घेतलं ते तसंच देतो. मालक म्हणाले मजबूत पाहिजे, बाहेरचं मशीन महाग पडतं तुम्ही स्वस्तात करा. सुपरवायझर म्हणाला झटपट कळलं पाहिजे, लाईन थांबवता येत नाय, आणि एअर सिलिंडर लावा म्हंजे दाब बरोबर बसेल. ती मुलगी म्हणाली कोणीही चालवलं तरी तेच उत्तर यायला हवं, आणि पावसाळ्यात वेगळं उन्हाळ्यात वेगळं असं नको.

एवढ्यावर कोटेशन मागतायत. ड्रॉइंग काढायला हात शिवशिवतायत पण "मजबूत" आणि "झटपट" ड्रॉइंगवर कसं लिहिणार? असल्या बोलण्याचे आकडे कोण कसे काढतं ते जरा सविस्तर सांगा.

चिपळूणकर_डिझाईन

ड्रॉइंगला हात लावला नाहीस हे उत्तम. मी पुण्यात मशीन डिझाईनमधे आहे, मूळचा चिपळूणचा, असली कामं रोज करतो त्यामुळे थोडं लांबेल, चालवून घे.

पहिलं म्हणजे वहीतली वाक्यं तशीच ठेव, सुधारू नकोस. त्यांच्या शेजारी दुसरा रकाना कर, त्यात "फिक्स्चरने काय करायला पाहिजे" एवढंच लिही, कसं करायचं ते नाही. सुपरवायझरचं एअर सिलिंडर ही गरज नाहीच, तो त्याने शोधलेला उपाय आहे. त्याला विचार सिलिंडर कशासाठी, तर तो म्हणेल दाब दरवेळी सारखा राहायला. मग गरज झाली "घासताना दाब प्रत्येक वेळी तेवढाच असावा". आता बघ, ह्याला सिलिंडर लागतच नाही. नुसता वजनाचा ठोकळा ठेवलास तर कॉम्प्रेसरचं प्रेशर वरखाली झालं तरी दाब हलत नाही. प्रिंट घासायची जी सदरलँड रब टेस्ट जगभर चालते, एएसटीएम डी ५२६४, त्यात पण वजनाचाच ठोकळा असतो, २ पाउंडाचा किंवा ४ पाउंडाचा. ४ पाउंड म्हणजे साधारण १.८ किलो. घासायची जागा २ इंच बाय ४ इंच धरलीस तर दाब अर्धा पीएसआय, म्हणजे साडेतीन किलोपास्कलच्या आतबाहेर. आता हा स्पेक झाला: वजन इतकं, अधिक उणे इतके ग्रॅम, तपासायचं कसं तर कॅलिब्रेट केलेल्या काट्यावर. आकडा, युनिट आणि तपासायची पद्धत, तिन्ही नसेल तर ती ओळ स्पेक म्हणून धरूच नकोस.

"झटपट" साठी त्यांना सेकंद विचारू नको, ते काहीही सांगतील. विचार की रिझल्ट येईपर्यंत किती बॉक्स वाया गेले तर चालतील. समजा लाईन मिनिटाला १०० बॉक्स काढते आणि ते म्हणाले ३०० च्या वर नको, तर तुकडा कापण्यापासून उत्तर मिळेपर्यंत तुझ्याकडे ३ मिनिटं आहेत. त्यातलं कापणं आणि लावणं मिनिटभर, वाचणं अर्धा मिनिट, उरलं दीड मिनिट. १०० वेळा घासायचं असेल तर मिनिटाला ७० च्या खाली स्पीड चालणारच नाही. बघ, मोटारचा स्पीड कुठून आला तो.

"मजबूत" चं पण तसंच. शिफ्टला २० टेस्ट, दोन शिफ्ट, टेस्टला १०० स्ट्रोक, म्हणजे दिवसाला ४,००० स्ट्रोक. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १२ लाख, आणि त्यांना पाच वर्षं पाहिजे असेल तर ६० लाख. आता बेअरिंगच्या कॅटलॉगमधे बघायला तुझ्या हातात काहीतरी आहे. "मजबूत" वाचून लोक १२ एमएमची प्लेट लावतात आणि घासणारा स्लाईड सहा महिन्यात ढिला पडतो, मालक म्हणतो मजबूत सांगितलं होतं ना.

प्रत्येक आकड्याला दोन किमती ठेव, एक जमलं तर उत्तम आणि एक ह्याच्या खाली चालणारच नाही. "स्वस्तात" म्हटलेत ना, त्याच्याशी घासाघीस करायला ही दोन आकड्यांमधली जागाच उपयोगी पडते.

जपानमधे योजी अकाओंनी १९६६ पासून क्यूएफडी (गिऱ्हाईकाच्या गरजांचे मोजता येणारे आकडे करायची पद्धत) म्हणून ह्याची मोठी पद्धत बसवली आणि १९७२ ला कोबेच्या जहाज कारखान्यात त्याचा तक्ता वापरला गेला, त्या तक्त्याला घराच्या आकारावरून "हाऊस ऑफ क्वालिटी" म्हणतात. तुला एवढं मोठं घर बांधायची गरज नाही, एका कागदावर डावीकडे गरजा, वर आकडे, आणि चौकटीत ९, ३, १ (९ म्हणजे सगळ्यात जास्त) असं लिही कुठला आकडा कुठल्या गरजेला किती लागू पडतो. ज्या गरजेच्या ओळीत एकही ९ नाही ती गरज तुझ्या मशीनमधे राहून गेलीय.

शाईवालो_रत्नांग्री

माका वाटता तू अर्ध्याच माणसांक इचारलंस. बॉक्सवाल्याचो गिऱ्हाईक कोण, तर बागायतदार. तेका कोणी इचारल्यान?

मराठीत लिहितो सगळ्यांना कळायला. मी प्रिंटिंगमधे आहे, पाण्याच्या शाईतच दिवस जातो. वरचे आकडे बरोबर आहेत पण ते कोरड्या घासण्याचे. एप्रिल मे मधे बॉक्स कोरडा असतोय कुठे? पहाटे आंबा भरतात, हवेत दमटपणा, गाडीवर ताडपत्री बांधलेली, आत आंब्याची ऊब आणि वाफ. प्रीकूलिंगमधून (आंबा पाठवण्याआधी गार करायच्या खोलीतून) काढलेला बॉक्स बाहेर आला की वरून घाम फुटतो त्याला. आणि मग घाटातून वळणं घेत बॉक्सला बॉक्स घासत जातो. शाई पुसते ती ह्या ओलसर घासण्याने. कोरड्या टेस्टला झकास पास होणारं प्रिंट ओल्या फडक्याने दोन हातात निघतं हे कुठल्याही प्रेसवाल्याला विचार. म्हणून फिक्स्चरला कोरडं आणि ओलसर दोन्ही लागणार, आणि ओलसर म्हणजे किती ते पण ठरवावं लागणार, म्हणजे घासायच्या कागदावर पिपेटने मोजून पाणी टाकायचं, फडकं बुडवून पिळलं असं नाही.

दुसरी गोष्ट छापल्यापासून किती वेळाने घासायचं. पाण्याची शाई क्राफ्ट कागदात (बॉक्सच्या तपकिरी कागदात) मुरते आणि वाऱ्याने सुकते. पाच मिनिटांनी घासलं तर एक उत्तर, दुसऱ्या दिवशी घासलं तर वेगळंच. सुपरवायझरला झटपट पाहिजे म्हणून पाचव्या मिनिटाला घासलं तर चांगलं प्रिंट पण फेल दिसेल. त्यामुळे लाईनवरची सीमा वेगळी आणि गाडीत भरण्याआधीची सीमा वेगळी.

तिसरं, पन्हळीची दिशा. कोरुगेटेडवर शाई पन्हळीच्या उंचवट्यावर जास्त बसते, घासतं पण तिथेच. तुकडा आडवा कापला की उभा कापला ह्यावर रिझल्ट बदलतो. फिक्स्चरमधे तुकडा एकाच दिशेने बसेल अशी खाच ठेव. त्या मुलीचं "कोणीही चालवलं तरी तेच उत्तर" अर्धं तिथेच सुटेल.

आणि घासायचं कशावर? लॅबमधे पांढरा कागद घेतात डाग दिसायला, पण गाडीत क्राफ्ट क्राफ्टला घासतो. मी क्राफ्टवर घासेन, आणि डाग बघायला पांढरा वेगळा घेईन.

कुडाळ_वर्कशॉप

दादा, ओलसरचं कोणीच बोललं नव्हतं मीटिंगला, फार मोठी गोष्ट सांगितलीत. देवगडात आमच्या ओळखीचे एक बागायतदार आहेत त्यांना फोन लावला, ते म्हणाले खालच्या थरातल्या बॉक्सांचे कोपरे पुसतात आणि कडेची बाजू, झाकणाला फारसं काय होत नाय. म्हंजे तुकडा कुठून कापायचा ते पण कळलं.

आता अडकलोय पास फेलवर. मालक म्हणतात डोळ्यांनी बघून सांगता येईल. क्यूसीची मुलगी नाय म्हणते. मीटर लावला तर किंमत वाढते.

महाडची_क्यूए

त्या मुलीचं ऐका. नुसत्या डोळ्यांनी बघून रात्रपाळीचा माणूस पास म्हणेल आणि सकाळचा फेल, आणि भांडण फिक्स्चरवर येईल. पण मीटर लगेच पाहिजेच असंही नाही. कापडाच्या धंद्यात डाग किती लागला ते बघायला ग्रे स्केल असते, आयएसओ १०५ ए०३, ५ म्हणजे डाग नाही आणि १ म्हणजे भरपूर, मधे अर्धे अर्धे टप्पे. ती पट्टी घासलेल्या पांढऱ्या कागदाशेजारी धरायची आणि कुठल्या टप्प्याशी जुळतं ते लिहायचं. पट्टीची किंमत मीटरच्या मानाने काहीच नाही. फक्त एक करा, बघायचा उजेड फिक्स्चरवरच ठेवा, नेहमी एकाच रंगाचा उजेड देणारा एक दिवा पक्का लावून, नाहीतर शेडमधल्या पिवळ्या बल्बखाली लाल डाग अर्धा गायब होतो.

"तेच उत्तर" ह्याला आमच्याकडे गेज आर अँड आर म्हणतात. दहा नमुने, तीन माणसं, प्रत्येकाने दोन तीनदा मोजायचं. मोजण्यामुळे येणारा फरक एकूण फरकाच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर छान, १० ते ३० मधे कामाप्रमाणे चालवून घेतात, ३० च्या वर गेज टाकून द्या. पण दादा, इथे एक मेख आहे. तुमची टेस्ट नमुना खराब करणारी आहे, एकदा घासलेला तुकडा परत घासून चालणार नाही. मग दोन भाग करा. डाग लागलेला कागद तसाच राहतो ना, तो तिघांना परत परत वाचायला द्या, म्हणजे वाचण्यातला फरक कळला. आणि घासण्यातला फरक बघायला एकाच शीटवरचे अगदी शेजारशेजारचे तुकडे घ्या, ते सारखेच आहेत असं धरून. हे पहिल्या दिवसापासून स्पेकमधे लिहा, मशीन देताना नको.

पावसाळा उन्हाळ्याचं: कागद हवेतलं पाणी ओढतो, म्हणून तपासणीआधी तुकडे ठराविक हवेत ठेवतात. आपल्याकडे २७ डिग्री आणि ६५ टक्के दमटपणा धरतात. आता कुडाळात जुलैमधे ६५ टक्के कुठून आणणार, तर एसी असलेल्या क्यूसीच्या खोलीत. फिक्स्चर मशीनशेजारी ठेवायचं की त्या खोलीत, हे आत्ता विचारा, त्यावर निम्मं डिझाईन अवलंबून आहे. मशीनशेजारीच पाहिजे असेल तर तापमान आणि दमटपणा दाखवणारं एक छोटं मीटर लावा आणि रिझल्टबरोबर तो आकडा लिहायची सक्ती करा.

मिरजोळे_फिटर

गंजाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कोकण म्हटलं की सगळे लगेच एसएस ३१६ म्हणतात. किनाऱ्याला लागून असेल तर म्हणा, तिथे ३०४ वर पण तांबूस डाग पडतात. कुडाळ आत आहे, तिथे शेडमधे ३०४ पुरेल, फ्रेम ॲनोडाईझ ॲल्युमिनियमची केलीस तरी चालेल. तुझा खरा शत्रू कागदाची धूळ आणि कोरुगेशनच्या स्टार्च गमची भुकटी. तेल लावलेल्या एलएम गाईडवर (स्लाईड सरळ रेषेत सरकवणाऱ्या रुळावर) ती बसली की ओल्या हवेत लगदा होतो आणि स्लाईड जड चालायला लागते, म्हणजे तुझा सारखा दाब सारखा वेग सगळं गेलं. सुके पॉलिमर बुश वापर, नाहीतर गाईडला बेलो (धूळ अडवणारं घडीचं आवरण) घाल.

आणि लाईट. एप्रिलमधे वळवाच्या वाऱ्यात लाईट किती वेळा जाते तुला माहीतच आहे. ६० व्या स्ट्रोकला लाईट गेली तर काउंटरने आकडा धरून ठेवला पाहिजे, आणि लाईट आल्यावर मशीनने आपणहून चालू व्हायचं नाही, स्टार्ट दाबल्याशिवाय हलता कामा नये. कोणाचा तरी हात तुकडा सरळ करायला आत असतो त्याच वेळी. हे गिऱ्हाईक कधीच सांगत नाही, आपण घालायचं.

कुडाळ_वर्कशॉप

सगळ्यांचं धरून कच्चा मसुदा केलाय, बघा जरा. ठोकळा १.८ किलो, ५ ग्रॅम वर किंवा खाली, काट्यावर तपासणार. घासायची जागा २ बाय ४ इंच. स्ट्रोक मिनिटाला ८५, कमीत कमी ७०. एकूण वेळ ३ मिनिटांच्या आत, सुपरवायझरकडून ३०० बॉक्सचा आकडा पक्का करून घेतला. तुकडा कडेच्या बाजूचा, पन्हळ एकाच दिशेला, खाच ठेवलीय. कोरडं आणि ओलसर दोन मोड. ६० लाख स्ट्रोक. लाईट गेली तर काउंटर धरून ठेवणार, आपणहून स्टार्ट नाही. ग्रे स्केल आणि पक्का दिवा. फिक्स्चर क्यूसी खोलीत ठेवायला मालक तयार झाले, खिडकीतून तुकडा आत द्यायचा असं ठरलंय. ओलसरला पाणी किती आणि पास म्हणजे ग्रे स्केलचा कितवा टप्पा हे दोन आकडे रिकामे आहेत.

चिपळूणकर_डिझाईन

मसुदा चांगला आहे, ह्यावर कोटेशन देता येईल. ते दोन आकडे टेबलावर बसून ठरवू नकोस, इथले आम्ही पण सांगू शकत नाही. बॉक्सवाल्याकडून गेल्या सीझनचे वाशीवरून तक्रार आलेल्या लॉटचे न वापरलेले बॉक्स मिळतात का बघ, गोडाऊनमधे पडलेले असतात. आणि ज्यांची तक्रार कधीच आली नाही अशा लॉटचे पण घे. दोन्ही ढिगातले तुकडे हाताने ठोकळा ओढून घासून बघ, पाणी थोडं थोडं वाढवत जा. ज्या पाण्याला आणि ज्या टप्प्याला हे दोन ढीग स्वच्छ वेगळे पडतात तोच तुझा आकडा. मशीन ताब्यात घेताना पण हीच अट घाल: वाईट लॉटचे तुकडे फेल आणि चांगल्या लॉटचे पास दाखवले की पैसे, ते लेखी.

शाईवालो_रत्नांग्री

ह्या बेस सांगितलंन. फक्त जुन्या बॉक्सची शाई वर्षभर मुरलेली असता, ती ताज्यापेक्षा घट्ट. म्हणून त्याच शाईचं, त्याच कागदावर ताजं छापून दुसरा ढीग पण कर. शाई पातळ केली की जोर कमी होतो, तेव्हा मुद्दाम जास्त पाणी घातलेली एक कॅन छापायला सांग, वाईट नमुना तुझ्या हाताशीच तयार.

कुडाळ_वर्कशॉप

सोमवारी त्यांच्या गोडाऊनमधे जातोय, क्यूसीच्या मुलीने दोन्ही लॉट बाजूला काढून ठेवलेत. पातळ शाईचं सुपरवायझरशी बोललोय, तयार आहे. आकडे आले की इथेच टाकतो.