मदत हवी आहे: रानडे-गोखल्यांचा उदारमतवाद नेमका कोणत्या निकषावर?

आमच्या अभ्यासमंडळात मला उदारमतवादाची समाजवाद आणि परंपरावादाशी तुलना मांडायची आहे. श्रोते बी.ए.चे विद्यार्थी, भाषा मराठीच.

‘व्यक्तिस्वातंत्र्य आणि मर्यादित शासन’ ही नेहमीची व्याख्या घेऊन बसले, पण महाराष्ट्रातल्या उदाहरणांपाशी ती अडते. रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात निर्हस्तक्षेपाचं (शासनाने आर्थिक व्यवहारांत हात घालू नये असं सांगणारं) अर्थशास्त्र हिंदुस्थानला जसंच्या तसं लागू करायला विरोध केला. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. संमतिवयाच्या कायद्याला (१८९१; मुलींशी शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणारा) आगरकरांचा पाठिंबा होता, तर परकीय सरकारने आपल्या रूढींत ढवळाढवळ करू नये म्हणून टिळकांचा विरोध. म्हणजे इथे शासनाचा हात मागणारे उदारमतवादीच!

इंग्रज उदारमतवादी विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने सक्तीचं शिक्षण मान्य केलं होतं, हे वाचलंय. सगळं शिक्षण सरकारच्या हाती जाण्याला मात्र त्याचा विरोध होता. त्यामुळे गोखल्यांचं कोडं बरंचसं सुटतं. संमतिवयाचंही, कारण तिथे मुलीचं रक्षण हाच मुद्दा आहे. रानड्यांचं मात्र सुटत नाही, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ‘मवाळ विरुद्ध जहाल’ हे उत्तर नको, तो मार्गांचा वाद झाला.

उद्योगधंद्यांत शासनाची मदत मागणाऱ्या रानड्यांना समाजवादी न म्हणता उदारमतवादी म्हणायचं, तर त्यासाठी कोणता निकष लावायचा?