शाळेचं हॉटेल झालं. क्योतोत नक्की काय वाचलं?

सदाफुली
ताकासे कालव्याकाठच्या रिस्सेइ प्राथमिक शाळेची इमारत १९२८ची. शाळा १९९३मध्ये बंद झाली, २०२०पासून तिथे हॉटेल आहे. दर्शनी भाग राखलाय, मुलांना रीतभात शिकवायची साठ तातामींची (तातामी म्हणजे जमिनीवरची जपानी चटई, खोली तिच्यावरच मोजतात) खोली राखलीय, म्हणून सगळीकडे कौतुक. मला ते पटत नाही.

१८६९मध्ये सम्राट राजधानी क्योतो सोडून तोक्योला गेले. आता आपलं शहर ओस पडणार, या धास्तीने क्योतोकरांनी त्याच वर्षात ६४ शाळा उभ्या केल्या, रिस्सेइ त्यांतलीच एक. देशाचा शिक्षण कायदा आला तो १८७२मध्ये! वर्गणी चुलीमागे. घरात पोर असो वा नसो, चूल पेटते ना, मग पैसे द्यायचे. शाळेतच वस्तीची बैठक भरायची, आग कुठे लागली ते बघायला मनोरा असायचा. अशी जागा महापालिकेने दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने कंपनीला द्यावी? भिंती राहिल्या, पण ज्यांच्या चुलींवर शाळा उभी राहिली त्यांचा हक्क गेला.

वास्तुवेडा
शाळा एकट्या वर्गणीवर उभ्या राहिल्या नाहीत, प्रशासनानेही पैसे घातले होते. पण ते सोडा. मुलंच उरली नाहीत तर इमारतीचं करायचं काय? १९२८चं काँक्रीट भूकंपात टिकवायचं म्हणजे बळकटीकरणाला अफाट खर्च. २०२१मध्ये खुद्द महापौर म्हणत होते की दहा वर्षांत शहराचं दिवाळं निघू शकतं. हॉटेल आलं नसतं तर बुलडोझर आला असता. शिवाय तिथे ग्रंथालय आहे, वस्तीच्या मंडळाला जागा आहे, पुढे हिरवळ आहे. एकदा जाऊन बसा तिथे.

चहाबाज
+१. क्योतोच्याच कियोमिझू भागातली १९३३ची शाळाही अशीच वाचली. २०११मध्ये बंद झाली, २०२०मध्ये हॉटेल. वर्गांच्या खिडक्यांतून आजही तोच डोंगर दिसतो.

सदाफुली
डोंगर दिसतो, पण पाहुण्यांना. चांगल्यात चांगली उदाहरणंच का देताय? निशी होंगान-जी मंदिराजवळची उएयानागी शाळा बघा. ती पाडली आणि २०२३मध्ये तिथे आलिशान हॉटेल उघडलं. रहिवाशांचा विरोध होता आणि त्यांचा प्रश्न साधा होता. भूकंप झाला तर आम्ही जायचं कुठे? बंद शाळा हीच त्यांची आसऱ्याची जागा.

वास्तुवेडा
उएयानागीबद्दल मान्य. तिथे वारसा वाचला असं मी म्हणणार नाही. पण त्यावरून रिस्सेइला झोडपू नका.

कालवाकाठ
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून गेली. शाळा बंद झाली तरी तिची हद्द, म्हणजे ती ज्या वस्तीची होती तो भाग, मोडत नाही. जुन्या शाळेच्या नावानेच आजही वस्तीची मंडळं चालतात. क्रीडादिन, स्वयंसेवकांचं अग्निशमन पथक, सगळं त्याच हद्दीवर. म्हणजे मालक अजून जागेवर आहे. रिस्सेइच्याच जागी १८९७मध्ये इनाबाता कात्सुतारो यांनी फ्रान्सहून आणलेल्या यंत्रावर जपानात पहिल्यांदा पडद्यावर चित्रपट दाखवून पाहिला होता. तेव्हा शाळा तिथे नव्हती, वीज कंपनीचं आवार होतं. जागेचा वापर बदलतच आलाय, त्याला माझी हरकत नाही. तो कोण बदलतं, एवढंच मी विचारेन.

चहाबाज
वस्तीत उरलेले बहुतेक सत्तरीचे. ते काय ठरवणार?

सदाफुली
का नाही ठरवणार? आयुष्यभर वर्गणी आणि श्रमदान त्यांनीच केलं. तरुण जोडपी येत नाहीत, कारण हॉटेलांनी जमिनीचे भाव चढवले. मग मुलं नाहीत म्हणून पुढची शाळा बंद, तिथेही हॉटेल! वास्तुवेडा, तुमच्या सांगण्यावरून त्या हिरवळीवर जाऊन बसेन, ग्रंथालयही बघेन. ती जागा वस्तीला मिळाली हे चांगलंच झालं, एवढं मागे घेते. पण करारावर महापालिका आणि कंपनीसोबत जुन्या शाळेच्या मंडळाचीही सही हवी, आणि ती नसेल तर करार होऊ नये. यावर तुमचं काय म्हणणं आहे?

वास्तुवेडा
सल्ला घ्यावा, नकाराधिकार देऊ नये. एका मंडळाच्या नकारापायी इमारत वीस वर्षं गळत राहिली तर तिचा मुडदा पडेल.