मलावीला निघालोय. सातवीतल्या मुलाला आजीजवळ ठेवावं का?

ओटीवाली सिस्टर (मिरज)

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ओटी (ऑपरेशन थिएटर) नर्स, मिरजेत चौदा वर्षं झाली. आमचे हे जनरल सर्जन. जानेवारीत आम्ही तीन वर्षांसाठी आफ्रिकेत, मलावीला चाललोय. तिथल्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, खेड्यातलं हॉस्पिटल आहे, तिथं. "इंग्लंड नाही, दुबई नाही, आणि आफ्रिकेत?" हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी नुसती हसते. मानधनाचा आकडा सांगितला की विचारणाऱ्याचा चहा गार होतो.

मिरजेत वाढलेल्या माणसाला कारण फार समजावून सांगावं लागत नाही. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेब १८८९ साली सांगलीत आले, १८९४ मध्ये मिरजेचं हॉस्पिटल सुरू झालं आणि जवळजवळ चाळीस वर्षं तो माणूस इथंच राहिला. माझ्या सासूबाईंच्या आईला टीबी झाला होता. वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये महिनोन् महिने पडून ती बरी होऊन घरी आली, सासूबाई त्यानंतरच्या. म्हणजे हिशेब केला तर आमचं अख्खं घर त्या एका खाटेवर उभं आहे. हे मला बघायला आले तेव्हाच पोहे खाता खाता म्हणाले होते, "आपल्यालाही कधीतरी असं कुठंतरी जायचंय." मला वाटलं, बोलायला बोलतायत.

आता अडचण. मुलगा सातवीत, मराठी माध्यम. मुलगी पाच वर्षांची, तिचं काही नाही, ती कुठंही रुळेल. सासूबाई ७१ वर्षांच्या, साखर आहे, आणि यायला साफ नाही म्हणतात. नणंद, दीर, चर्चचे पाळकसाहेबसुद्धा एकच सुचवतात, की मुलाला आजीपाशी ठेवा. आजीला सोबत होईल, त्याची शाळा बुडणार नाही, दहावी इथूनच होईल. ऐकायला सगळं बरोबर वाटतं. पण मला रात्री झोप लागत नाही.

त्याला विचारलं तर म्हणतो, "तुम्ही सांगाल तसं." बारा वर्षांचं पोरगं असं बोललं की काय समजायचं?

सासूबाई तोंडानं "जावा, जावा" म्हणतात. पण मी बॅग भरायला घेतली की रोज संध्याकाळी त्यात काहीतरी घालून ठेवतात. परवा लोखंडी खलबत्ता निघाला. माणशी २३ किलोच्या दोन बॅगा मिळणार, त्यात हा चार किलोचा. मी काढते, त्या परत घालतात. बोलत कुणीच नाही.

कुणी यातून गेलं असेल तर सांगा. शाळेचं आणि कागदपत्रांचंही सांगितलं तर बरं होईल.

विट्याचा पाव्हणा

खलबत्ता कशाला? मिक्सर न्या ताई.

कासपठार (सातारा)

ताई, मी त्या मुलाच्या जागी होतो म्हणून लिहितोय. माझे आईवडील दोघंही आखातात नोकरीला. मी साताऱ्यात आजीकडे, तिसरी ते बारावी. आजीनं काही कमी केलं नाही. रविवारी चर्चला भक्तीला नेताना रस्त्यात भजी घेऊन द्यायची, अजून चव आठवते. साताऱ्यातल्या आमच्या मंडळीत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर होतात, रेव्हरंड टिळक शेवटची वर्षं इथंच होते ना. तर ती सगळी मला तोंडपाठ, आजीमुळे.

पण आजी आजारी पडली तेव्हा मी नववीत होतो. इन्सुलिन द्यायला मीच, रात्री रिक्षा शोधायला मीच. आईला फोनवर "सगळं ठीक आहे" सांगायलाही मीच. तुम्ही म्हणताय आजीला सोबत होईल. सोबत म्हणजे काय काय असतं, ते नर्सला मी काय सांगू?

आणि "तुम्ही सांगाल तसं" हे मीही म्हणालो होतो. त्याचा अर्थ "मला न्या" असा होता. एवढंच सांगायचं होतं.

तासगावचे तात्या

स्पष्ट विचारतो, राग मानू नका. आपल्या जिल्ह्यात जतला, आटपाडीला सर्जन मिळत नाही आणि तुम्ही परदेशी निघालात. तिकडं जाऊन धर्माचा प्रचारच करणार ना?

ओटीवाली सिस्टर (मिरज)

तात्या, राग नाही. प्रचाराचं म्हणाल तर मलावीत बहुसंख्य लोक आधीपासूनच ख्रिस्ती आहेत, त्यांची चर्च आपल्यापेक्षा भरलेली असतात. त्यांना उपदेशक नकोत, हर्निया आणि सिझेरियन करणारा माणूस हवाय.

जतचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. यांनी चार वर्षं जत-आटपाडीकडच्या भागात काढलीत, पण ते सांगून मुद्दा खोडला जात नाही.

कासपठार भाऊ, तुमचं वाचून फोन बाजूला ठेवला आणि थोडा वेळ नुसती बसले.

झिकोमो (सांगली)

मी आणि मिस्टर दोन वर्षं मलावीतच, ब्लँटायरला होतो, ते बांधकामातले. मिशनरी लिव्हिंग्स्टन स्कॉटलंडमधल्या ज्या गावात जन्मला त्याचं नाव या शहराला दिलंय, आपल्या वानलेसवाडीची गत. माझं टोपणनाव म्हणजे तिथल्या चिचेवा भाषेत "धन्यवाद". "कसे आहात" ला म्हणतात "मुली ब्वांजी". पहिल्या दिवशी कामवाली मला तसं म्हणाली आणि मी सांगत बसले, मुली नाहीत हो, एक मुलगाच आहे.

आता कामाचं. मुलाच्या शाळेचा दाखला निघताना मूळ प्रत काढून ठेवा. दहावीला बाहेरून बसायचं झालं तर १७ नंबरचा फॉर्म असतो, त्याला तो लागतो. पण माझं मत, तीन वर्षांचा करार असला तरी त्याच्या नववीच्या जूनला परत यायचं बघा. थेट दहावीत कुठली शाळा घेते? तोवर इकडची गणित-विज्ञानाची पुस्तकं न्या. बालभारतीची पीडीएफ मिळते, पण तिथं लाईट जाते, त्यामुळे छापील बरी. (मिक्सरवाल्या पाव्हण्यांना हेच उत्तर.)

लग्नाचा पुरावा म्हणून आम्हाला चर्चचा दाखला चालला नाही, नोंदणीचाच लागला. मग त्यावर आणि मुलांच्या जन्मदाखल्यांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का. बाप्तिस्म्याचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव जुळतं का आधी बघा. आमच्या पोराच्या एका जादा नावापायी पुण्याला तीन चकरा झाल्या. डॉक्टरांना मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंगही (नोंदणी नीट आहे असा दाखला) लागेल, ते त्यांना माहीत असणार. बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं इथलं खातं) करून घ्या. सासूबाई ज्यातून खर्च करतात ते खातं मात्र त्यांच्याच नावावर ठेवा, तुमच्या कागदपत्रांत अडकवू नका.

मुंबईहून आदिस अबाबामार्गे जाणार असाल तर यलो फीव्हरची लस घेऊनच टाका. मलावीत तो आजार नाही, पण इथिओपियात आहे. मधलं विमान चुकून तिथं मुक्काम पडला की मलावीत लशीचा कागद मागतात, परत येताना भारतातही. सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची. दाखला दहाव्या दिवसापासून लागू होतो आणि आता जन्मभर चालतो, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

तुम्ही जाल तेव्हा तिथं पाऊस असेल, डासांचा हंगाम. मलेरियाचं तुम्हाला शिकवत नाही. पण पोरं तळ्यात पोहायला पळतात आणि तळ्याच्या पाण्यातून बिलहार्झियाचे जंतू कातडीतून आत शिरतात. आपल्याकडं तो आजार जवळजवळ नसल्यामुळे आपल्या लक्षातच येत नाही.

खायचं घाबरू नका. ब्लँटायरला, लिलाँग्वेला गुजराती दुकानं आहेत, डाळ-तांदूळ-जिरं सगळं मिळतं. कांदा-लसूण मसाला तेवढा घरून न्या. तिथली माणसं पांढऱ्या मक्याच्या पिठाचं घट्ट उकडीसारखं एनसिमा खातात. आणि ज्वारी मिळते! दक्षिणेकडं, शिरे नदीच्या खालच्या खोऱ्यात पिकते, तिला मपिरा म्हणतात.

मुलाबद्दल मी बोलत नाही. कासपठार यांनी सांगितलंय तेच.

ओटीवाली सिस्टर (मिरज)

चार दिवसांनी लिहितेय. हा सगळा धागा मी सासूबाईंना वाचून दाखवला. कासपठार भाऊंच्या इन्सुलिनपाशी त्यांनी हातानंच थांबवलं आणि उठून आत गेल्या.

रात्री जेवताना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोराला घेऊन जावा. मी काय त्याला राखायला हाय व्हय, का त्यो मला राखायला?" आष्ट्याची धाकटी मावशी एकटीच असते, तिला त्यांनी स्वतःच फोन लावला. ती नाताळानंतर राहायला येतेय. दोघींचं पटत नाही, पण भांडायला कुणीतरी पाहिजेच म्हणतात.

मुलगा काही बोलला नाही. जेवण झाल्यावर क्रिकेटची बॅट आणून वजनकाट्यावर ठेवली. एक किलो दोनशे. मी बॅगेतून माझ्या दोन साड्या काढल्या.

खलबत्ता अजून बॅगेतच आहे.

झिकोमो ताई, मपिराचं ऐकल्यापासून सासूबाईंनी एकच धोशा लावलाय. ती ज्वारी आपल्या शाळूसारखी आहे का हायब्रीडसारखी, आणि भाकरी थापताना तुटते का? उद्या सकाळी विचारतील, तेवढं सांगा.