बेल्जियममधलं फौजी पाद्र्याचं घर: जावं का?

पंडितजी_कराडकर
नमस्कार मंडळी. मी पलटणीत पंडितजी होतो. कागदावर धर्मगुरू, नायब सुभेदार. ट्रेनिंग पुण्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये, ग्रंथी, मौलवी आणि पाद्री यांच्यासोबत. पुढची सगळी वर्षं मंदिर परेड, कसम परेड आणि कुणाच्या तरी घरून रात्री-अपरात्री आलेली वाईट बातमी त्या पोराला सांगणं, यात गेली.

सध्या लेकीकडे ब्रसेल्सला आहे. जावई म्हणतात, पोपरिंगे गावात पहिल्या महायुद्धातल्या एका पाद्र्याचं घर जपून ठेवलंय, टॅलबट हाउस. काचेच्या पेटीतले क्रूस आणि पदकं बघायला एवढा प्रवास नको वाटतो. त्या माणसाचं रोजचं काम काय होतं ते तिथे कळतं का? आणि जिने किती आहेत? गुडघे कुरकुरतात.

गेंटवाली
काका, जाच. मी दोनदा गेले. म्युझियम म्हणण्यापेक्षा घरच आहे ते, अजूनही लोक मुक्कामाला राहतात.

मूळ मालक हॉप्सचा व्यापारी (बिअरमध्ये घालतात ते). ईपर शहराजवळची लढाईची आघाडी दहा-बारा किलोमीटरवर, त्यामुळे पोपरिंगे सैनिकांनी भरलेलं. नेव्हिल टॅलबट आणि फिलिप क्लेटन या दोन फौजी पाद्र्यांनी डिसेंबर १९१५ मध्ये तिथे क्लब उघडला. नाव नेव्हिलच्या धाकट्या भावाचं, गिल्बर्टचं. तो त्याच वर्षी जुलैत ईपरजवळच्या हूगला मारला गेला होता. घर चालवलं क्लेटननेच. गोलमटोल म्हणून सगळे त्याला ‘टबी’ म्हणायचे, आपल्याकडे ‘ढब्बू’ म्हणतात तसं.

त्याच्या खोलीच्या दारावर पाटी: आत येणाऱ्यांनो, हुद्दा बाहेर ठेवा. शिपाई आणि अफसर एकाच घरात चहा प्यायचे. ग्रंथालयातलं पुस्तक हवं असेल तर टोपी ठेवून जायची! टोपीशिवाय फिरता येत नाही, म्हणजे पुस्तक परत येणारच. एक फळा होता, त्यावर ‘अमक्या पलटणीचा तमका कुठे आहे?’ अशा चिठ्ठ्या लावायचे.

प्रार्थनेची जागा सगळ्यात वर, माळ्यावर, आणि जिना उभा आहे. सावकाश चढा.

खडकीचा_नाना
ब्रिटिश फौजेतल्या पाद्र्यांच्या खात्याचाच इतिहास हवा असेल तर त्याचं म्युझियम इंग्लंडात श्रिव्हनमला. आधी ते अँपोर्ट हाउसला होतं. खातं १७९६ चं, ‘रॉयल’ १९१९ पासून. जेम्स अ‍ॅडम्सचं नाव शोधा. हिंदुस्थानात नेमलेला पाद्री. १८७९ मध्ये काबूलजवळ घोड्यांखाली अडकलेल्या स्वारांना कमरेएवढ्या पाण्यात उतरून ओढून काढलं, म्हणून व्हिक्टोरिया क्रॉस.

पंडितजी_कराडकर
नाना, इंग्लंडचा व्हिसा तुम्ही काढून देणार का?
वैनी, टोपीची युक्ती झकास! आमच्या क्वार्टर मास्टरला सुचायला हवी होती. आपली पोरं त्या घरात गेली असतील का?

गेंटवाली
बहुधा नाही, काका. हिंदी फौजेची लाहोर डिव्हिजन एप्रिल १९१५ मध्ये ईपरला लढली. पण हे घर उघडलं त्याच सुमारास हिंदी पायदळ फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे निघालं होतं. त्यांच्यातल्या मारल्या गेलेल्यांची नावं ईपरच्या मेनिन गेटवर, म्हणजे स्मारकाच्या कमानीवर, आहेत. तिथे रोज रात्री आठला बिगुल वाजतं, तेही बघा.

आणि एक. पोपरिंगेच्या नगरभवनात दोन कोठड्या आहेत आणि अंगणात एक खांब. पळून गेल्याबद्दल वगैरे ज्यांना गोळी घालायची, त्यांची शेवटची रात्र तिथे जायची. सोबतीला पाद्री असायचा. तुम्हाला बघवेल की नाही, माहीत नाही.

पंडितजी_कराडकर
जाऊन आलो काल. पोपरिंगे लाइनीचं शेवटचं स्टेशन, उतरायचं चुकत नाही.

आतून पुढच्या दाराशी पाटी आहे, निराशावाद्यांनी इकडून बाहेर जावं. जावई ती वाचून पाच मिनिटं हसत होते. मी बराच वेळ माळ्यावर बसलो. तिथली वेदी म्हणजे सुताराचं कामाचं बाकडं, टबीने तेच वापरलं. येशू सुताराच्याच घरचा, तेव्हा याहून योग्य काय मिळणार? आमचा देव डोंगरावर दारूगोळ्याच्या रिकाम्या पेटीवर असायचा. दगड लावून सरळ करायची, तरी समई कलायचीच. १९४० ला जर्मन आले तेव्हा गावकऱ्यांनी या घरातलं सामान आपापल्या घरी लपवलं आणि चार वर्षांनी परत आणून दिलं, हे तिथे कळलं.

खाली चहा मिळतो. आलं नाही, साखर मागावी लागते, पण कुणी उठवत नाही. काम दिसतं का, हा माझा प्रश्न होता. ते त्या टेबलाशी दिसलं. फौजेत माणूस ‘पंडितजी, पूजा करायची आहे’ म्हणून फार कमी येतो. चहाला येतो, हवापाण्याचं बोलतो आणि उठता उठता म्हणतो, घरून पत्र आलंय.

कोठड्यांपर्यंत गेलो. जावयांनी विचारलं, आत येताय? म्हटलं, तुम्ही बघून या. वाईट बातमी मी पुष्कळांना दिली, पण सकाळी आपलेच लोक ज्याच्यावर नेम धरणार, त्याच्याशी रात्रभर काय बोलायचं, हे आम्हाला पुण्यात कुणी शिकवलं नव्हतं. बहुतेक त्या पाद्र्यांनाही नसावं. मी अंगणाकडे पाठ करून विष्णुसहस्रनामातले आठवतील तेवढे श्लोक म्हटले.

गुडघेवाल्यांसाठी: माळ्यावरून मी बसत बसत उतरलो. कुणी हसलं नाही.