लेथच्या हत्यारांना धार, कमी खर्चात कशी लावायची?

कळवा_लेथवाला: मंडळी, घरच्या गॅलरीत लाकूडकामाचा छोटा लेथ (लाकूड फिरवत घडवायचं मशीन) टाकलाय, एक रफिंग गाऊज (ओबडधोबड लाकूड गोल करायची पन्हळीसारखी पटाशी), एक स्क्यू (तिरक्या धारेची पटाशी), एक स्क्रेपर (खरवडायचं हत्यार), सगळी एचएसएसची (हाय स्पीड स्टील). धार पार गेलीये, लाकूड कापायच्या ऐवजी नुसता भुगा पडतो. विकतचं जिग (धार लावताना हत्यार ठराविक कोनात धरणारा साचा) परवडत नाही, बजेट दीड-दोन हजार, त्याच्यावर एक पैसा नाही. काय करू?

घणसोली७: लेथ आहे ना, मग ग्राइंडर कशाला? एमडीएफची गोल चकती फेसप्लेटवर (लेथच्या फिरत्या तबकडीवर) लाव, त्यावर १२० चा पॉलिश पेपर चिकटव आणि कमी स्पीडला फिरव. फक्त पेपर धारेकडून लांब जाईल अशाच बाजूला हत्यार धर, नाहीतर टोक पेपरात घुसतं. गॉगल घाल आणि आधी लाकडाचा भुसा झाडून घे, ठिणग्या उडतात.

वागळे_टर्नर: चकती स्क्यूला मस्त, पण गाऊजला कंटाळशील. सेकंडहँड सहा इंची ग्राइंडर शोध, ठाण्याच्या वागळे इस्टेटीत वर्कशॉप बंद होताना निघतात कधीकधी. करडा दगड काढून ८० ग्रिटचा (दाण्याचा नंबर) पांढरा बसव, टेकायला प्लायचा प्लॅटफॉर्म घरीच बनतो. बेव्हलवर (धारेमागच्या उतारावर) मार्कर फासून दगड हाताने फिरव, शाई पूर्ण बेव्हलवरून निघाली की अँगल बरोबर, नुसती टोकाची निघाली तर प्लॅटफॉर्म हलव. रफिंग गाऊजला ४५ अंश धर.

कळवा_लेथवाला: टोक निळं पडलं तर पाण्यात बुडवू का?

वागळे_टर्नर: एचएसएसला निळ्याने काही होत नाही, उलट पाण्यात बारीक तडे जाऊ शकतात. साधं कार्बन स्टील असेल तर मात्र निळं पडूच द्यायचं नाही, नरम पडतं.