मदत हवी आहे: घरात खारींचा उच्छाद, हाकलायला खर्च किती येतो?

आर्वीकर:
खारींनी पार परेशान केलं आहे. अमरावतीच्या एका फवारणीवाल्याला फोन केला तर 8,500 सांगतो, गाडीभाडं वेगळं. एवढे लागतात का? औषध कोणतं टाकायचं तेवढं सांगा, लवकर.

वर्धेकर:
छत कशाचं? स्लॅब, टिन की कवेलू (कौलं)? लांबी-रुंदी किती? आवाज दिवसा येतो की रात्री? हे कळल्याशिवाय 500 पण म्हणता येतात न 15,000 पण.

कास्तकार:
औषध कायले पाह्यजे? दोन मांजरी पाळा न राजेहो. चार पोळ्या न अर्धा पाव दूध, झाला खर्च.

निंबाची सावली:
कास्तकार भाऊ, छत टिनाचं असेल तर त्याच्या लहरीतून खार आत शिरते, मांजर बाहेर बसून पाहत राहते. आणि औषधाचं डोक्यातून काढा. झिंक फॉस्फाईड, म्हणजे उंदीर मारायचं औषध, खाऊन खार छताखालीच मरते, वास खाली घरात येतो, मेलेली खार कुत्र्याने खाल्ली तर तेही जाऊ शकतं.

आर्वीकर:
टिन आहे. 30 बाय 20. खारी दिवसाच पळतात, रात्री शांत. पिंजरा लावू का?

विदर्भ मिस्त्री:
पिंजऱ्याने जागा रिकामी होते, भोक तसंच राहतं. पुढची खार तिथेच येते. पैसा भोकं बुजवण्यात घाला.
दोन्ही 30 फुटी बाजूंना भिंत आणि टिनाच्या मध्ये लहरींची फट असते, म्हणजे 60 फूट. अर्धा इंच चौकोनाची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) वेल्डेड जाळी घ्या. 3 फूट पन्न्याची (रुंदीची) 20 फूट घेतली की 1 फुटाच्या तीन पट्ट्या निघतात, 60 फूट पुरते. कोंबड्यांची षटकोनी जाळी घेऊ नका, तार पातळ असते, खार ती वाकवून आत शिरते. नायलॉन आणि फोम तर कुरतडूनच टाकते, तिचे दात सतत वाढत असतात.
पट्टी काटकोनात वाकवा. वरची कड लहरीत ठोकून बसवा, खालची आडव्या बल्लीला (लाकडी वाशाला) वायसरचे स्क्रू मारून, दर 6 इंचावर एक. अंतर वाढवलं की मधून जाळी उचलते. बल्ली नसेल तिथे 1:4 चा माल, एक भाग सिमेंट न चार भाग रेती. तिकोन्या भिंतींची भोकंही त्याच मालाने बुजवा.
जाळी 1,200, स्क्रू 200, सुट्टं सिमेंट 10 किलो 100, मिस्त्री न मजूर एक दिवस 1,300. म्हणजे 2,800. भाव गावागणिक थोडा इकडेतिकडे.

कास्तकार:
त्यापेक्षा मिरचीचा धूर करा. फुकटात पळतात.

आर्वीकर:
धूर नको. माळ्यावर कापूस आहे.

वर्धेकर:
हे आता सांगता! खारी तुमच्याकडे त्याच्यासाठीच येतात. घरट्याला तिला कापूस, सुतळी, चिंध्या असं मऊ लागतं. तोंडात कापूस घेऊन एकाच कोपऱ्यात जाताना दिसली तर तिथे पिल्लं आहेत किंवा होणार आहेत. तशात जाळी ठोकली तर आई बाहेर राहते, पिल्लं आत मरतात. दीड-दोन महिने थांबा किंवा कापूस विकून माळा आधी रिकामा करा.

विदर्भ मिस्त्री:
एवढं थांबायची गरज नाही. 59 फूट बंद करा, एक फूट ठेवा. तिथे 2 इंची पीव्हीसीचा दीड फुटी तुकडा, तोंड बाहेर आणि खाली झुकतं. खार घसरून बाहेर पडते, गुळगुळीत नळीतून वर चढणं तिला जड जातं. आठवडाभर आवाज नसला की नळी काढा न तो एक फूटही बंद करा.

वर्धेकर:
पिल्लं असताना नळी लावली तर तेच झालं न मिस्त्री? आई बाहेर घसरली की परत आत येणार कशी? नळी पिल्लं फिरायला लागल्यावर. आणि पिंजऱ्याचं, 1972 च्या वन्यजीव कायद्यात पकडणंही शिकारीत धरतात. वनरक्षकाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

निंबाची सावली:
सगळे जाळीत अडकले, वायर कोणी विचारत नाही. खारीने इन्सुलेशन कुरतडलं आणि उघडी तार टिनाला टेकली की पूर्ण छतात करंट, त्यात भरीला खाली कापूस. शिडी लावायच्या आधी मेन बंद करा, टेस्टर टिनाला लावून पाहा. टिनाखालची सगळी वायर पाऊण इंची पाईपात घाला. 10 फुटाचे 4 पाईप 240, वायरमन 600. आरसीसीबी (करंट गळला की लाईन आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवा, त्याचा खर्च वेगळा. मिस्त्रीचा हिशोब धरून 3,640 झाले.

विदर्भ मिस्त्री:
हे मान्य. आणि झाडाची फांदी छताला लागलेली असेल तर 6-7 फूट मागे छाटा, नाहीतर खारी छतावर येऊन जाळीत फट शोधत बसतात.

रानमाळ:
शेतात रानडुकरं येतात. झटका मशीन बसवली तर एकराला किती खर्च?

आर्वीकर:
निंबाचं झाड टिनावरच आहे. छाटतो. कापूस पुढच्या आठवड्यात जाईल, मग नळी. ही अर्धा इंची जाळी उंदरालाही चालते का?

वर्धेकर:
मोठ्या उंदराला, घुशीला चालते. पिटुकला उंदीर अर्ध्या इंचातून निघून जातो, त्याला पाव इंची लागते, ती महाग. म्हणजे तुमच्याकडे उंदीरही आहेत तर?

आर्वीकर:
आहेत न. ते सांगायचं राहिलं.

रानमाळ:
झटका मशीनचं कोणी सांगा न.

निंबाची सावली:
वेगळा धागा काढा भाऊ. एकर किती, पीक कोणतं, बॅटरी सोलरवर की लायनीवर, ते लिहून.